संघमित्राची सहा सुस्त मशिनं

संघमित्रा शिरसाटला तोंडावर स्तुती सहन होत नाही, म्हणून तिच्या पाठीमागे लिहिते. दिवसा ती अंधेरीत कॉम्प्युटर दुरुस्त करायची आणि संध्याकाळी कांजूरमार्गच्या आमच्या विहारात मुलींना फुकट शिकवायची. २०१०ची गोष्ट. वर्गातली सहाही मशिनं देणगीतली, आणि इतकी सुस्त की फाइल उघडेपर्यंत मुली जांभया देत. समितीचे अध्यक्ष जयवंतराव वैतागले.

"रविवारी भंगारवाला येतोय. वर्ग बंद!"

"दादा, शनिवार तरी द्या ना," संघमित्रा म्हणाली. "गेल्याच वर्षी ह्यांत चांगले प्रोसेसर बसवलेत मी. मग रडतात का?"

शनिवारी मी तिच्या शेजारी बसले. मी समितीतली निवृत्त मास्तरीण, धीर कमी. तिने एक मशीन उघडलं, आत टॉर्च मारला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काय गं?"

"बसचा वेग, मॅडम. एकशे तेहतीस हवा, शंभरावर आहे."

"नीट सांग."

"मेमरीतून प्रोसेसरकडे माल नेणारा रस्ता हो. पोळ्या लाटणारी कितीही चपळ असू दे, कणकेचे गोळे रमतगमत आले तर ती बसूनच राहणार ना? शिवाय प्रोसेसरचा स्वतःचा वेग ह्याच आकड्याच्या पटीत. म्हणजे बिचारा पाऊण वेगानेच धावतोय."

"शंभरावर ठेवला कुणी?"

"मीच."

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पत्र्याखाली मशिनं तापून बंद पडत, तेव्हा तिनेच वेग उतरवला होता. पुढे पत्रा गेला, स्लॅब आला, नवे प्रोसेसर आले. आकडा बदलायचा राहून गेला.

हा वेग ठरवणारी बोर्डावरची इवलीशी प्लास्टिकची टोपी तिने पिनांच्या एका जोडीवरून उचलून दुसरीवर बसवली. मशीन लावलं. फरक मलासुद्धा कळला.

"उद्या नुसतं 'दुरुस्त झालं' म्हण," मी बजावलं. "जयवंतरावांना वर्ग बंद करायला निमित्तच हवंय."

"विचारतील ना, काय झालं होतं. खोटं बोलले की माझे कान लाल होतात."

रविवारी भंगारवाला दारात उभा, आणि ह्या बाईने सगळं सांगून टाकलं! मी डोळेच मिटले.

"म्हणजे वर्षभर मी मशिनांना शिव्या घालतोय," जयवंतराव म्हणाले, "आणि गुन्हेगार तू?"

"हो दादा. आता मला घाला."

त्यांनी कालच्या दुरुस्त मशिनावर एक फाइल उघडून पाहिली, बंद केली, पुन्हा उघडली.

"उरलेली पाच?"

"आत्ता करते. तासाभरात."

जयवंतरावांनी भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि तिच्या हातातला टॉर्च घेतला.

"कुठली ती टोपी? दाखव."