दाजींची सुई आणि माझी शपथ

दाजी गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा गडी युसूफ वडगावहून घोड्यावर आला, तेव्हा मी बीडच्या दवाखान्यात औषधाच्या बाटल्या धूत होतो. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "सुई टोचल्यावर जेवले होते का?" माणूस गेल्यावर असं कोणी विचारतं? पण मला भीती तेवढ्याचीच होती…

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, वडगावचे पाटील. भारी गोडखाऊ. मधुमेहाने धरलं तेव्हा औषध असं नव्हतंच. गूळ-साखर बंद आणि पोट मारून राहायचं, एवढाच इलाज. दाजी वाळत चालले, पण खोड्या गेल्या नाहीत. चक्कर आल्याचं सोंग करून चुलीपाशी जायचे, "दे की गूळ, तुझ्या भावानंच सांगितलंय" म्हणायचे, आणि अक्का विरघळायची. शेवटी मी चिडलो. तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणालो, "दाजींना गुळाचा खडा दिलास तर तुला माझी शपथ हाय." त्या दिवसापासून गूळ बंद झाला. शपथ घालणाऱ्याने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दोन वर्षांनी हैदराबादेहून नवं औषध आलं, सुईने टोचून घ्यायचं. डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं : सुई घेतली की जेवलंच पाहिजे, घाम फुटला, हात थरथरले तर ताबडतोब गूळ द्या, नाहीतर माणूस हातचा जाईल. मी हे दाजींना सांगितलं, तसे ते टाळी देऊन हसले. "म्हंजे मेव्हणं, शेवटी गूळ द्यायला लागलाच की तुमाला! तिला मी सांगतो." अक्का आत भाकरी थापत होती. चार पावलं जाऊन 'सुटली' एवढंच म्हणायचं होतं. मला ते दाजींपुढे हरल्यासारखं वाटलं. पुढच्या खेपेला सांगू, म्हणून मी गाडीत बसलो. महिन्याभरात दाजींच्या अंगावर मांस आलं आणि मी निर्धास्त झालो.

पुढचं मला राख सावडायच्या दिवशी अक्कानेच सांगितलं. त्या सकाळी दाजींनी सुई घेतली आणि ताटावर बसणार तोच चावडीवर महसुलाचे गिरदावर साहेब तपासणीला आल्याचं बोलावणं आलं. ते तसेच उपाशी गेले. दुपारी परतले ते घामाने निथळत, दारू प्यायल्यागत अडखळत. आल्या आल्या गूळ मागितला. तुझ्या भावानंच सांगितलंय, म्हणाले… तेच जुनं वाक्य!

"म्या म्हणलं, आवं, सोंगं कावून करता? बसा, भाकर वाढते. भाकर घेऊन आले तर आडवे झालते. उठलेच न्हाईत."

मग तिने माझा हात घट्ट धरला. "गुळासाठी लई रडले रे. पर शंकर, म्या तुझी शपथ मोडली न्हाई."

दीड महिना झाला, मी तिच्याकडेच राहतोय, पण खरं काय ते तिला अजून सांगितलेलं नाही. ती रोज दाजींचा पाट मांडते, आल्यागेल्याला शपथ पाळल्याचं सांगते, आणि मी शेजारच्या पाटावर मान खाली घालून जेवतो. मी भित्रा माणूस आहे. ज्यांच्या घरी ही सुई येईल, त्यांनी रोग्याबरोबर चुलीपुढच्या बाईलाही सगळं समजावून सांगावं, म्हणून हे छापायला दिलं. अक्काला अक्षरओळख नाही. वडगावात कोणाच्या हाती हा अंक पडला, तर कृपा करून तिला वाचून दाखवू नये.