मीठ बेताचं होतं

पातेल्यात एक बोट बुडवायचं, ते जिभेच्या शेंड्याला टेकवायचं, एक डोळा मिटून घ्यायचा आणि उरलेल्या डोळ्यानं आभाळाकडे बघायचं. मग निकाल. "चिमूटभर कमी शे." किंवा, "झालं. आते कोनी हात लावू नका."

असा एखादा आचारी तुम्हीही पाहिला असेल. आमचे चाचा नंदुरबारला मिशनच्या दवाखान्यातल्या परदेशी डॉक्टरीणबाईंचे खानसामा होते. घरात हिंदी, बाजारात अहिराणी आणि बाईंशी दोन्हींची खिचडी. बायको वारलेली, एकुलती मुलगी नवापूरला दिलेली. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि बंगल्याच्या कुंपणाला लागून असलेल्या खोलीत राहायचो. पन्नासचं दशक सरत आलं होतं, मी पंचविशीचा होतो आणि जग सुधारायला निघालो होतो.

पहिल्याच आठवड्यात चाचांनी कुंपणावरून चहाचा कप पुढे केला आणि जरा थबकले. "तुम्हले चाली ना, मास्तर?" झालं, मी छोटंसं भाषणच ठोकलं. मी जातपात, धर्म, ताटवाटी काही मानत नाही. तुमच्या हातचं काहीही खाईन! चहा प्यालो आणि स्वतःवरच खूश झालो. खरं असं की मांसमच्छीच्या नुसत्या वासानं माझ्या पोटात ढवळायचं. त्यात काही पाप नव्हतं. पण एकदा भाषण केल्यावर ते सांगायचं कसं?

पहिल्या डिसेंबरात चाचा म्हणाले, "नाताळसाठे सुरतथीन पेरू येई ऱ्हायना. बारा शेरना शे." बारा शेरांचा पेरू! मी तर वर्गातसुद्धा सांगून टाकलं. त्यांच्याबरोबर मोठ्या उत्साहानं स्टेशनवर गेलो. गाडीतून एक डालगं उतरलं आणि त्यातून लाल गळ्याचं, काळंभोर, भलंमोठं पाखरू माझ्यावर गुरगुरलं. खानसामे लोक टर्कीला पेरू म्हणतात हे मला तेव्हा कळलं. माझ्या खिशात तिखटमिठाची पुडी होती. चाचांना ती दिसली आणि ते फलाटावर बसून हसले.

हा पेरू ते रांजणात भाजत. कुंभाराकडून जाड पोटाचा रांजण करवून घेतलेला, बाहेरून माती-भुशाचा गिलावा, बुडाशी हवेसाठी मुठीएवढं भोक आणि वर तसंच भोक ठेवलेलं जड मातीचं झाकण. आदल्या दिवशी पाखरू मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. सकाळी रांजणात बाभळीचे कोळसे, त्यांवर लोखंडी जाळी, जाळीवर पाखरू, आणि झाकणाच्या कडेनं कणीक लिंपायची. खालच्या भोकात विटेचा तुकडा असे. तो दोन बोटं ओढला की आग जागी होई, आत सारला की पेंगायला लागे. तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा हात ते मधूनमधून रांजणाच्या पोटाला लावत. बाईंना राहवत नसे, त्या आत बघू म्हणायच्या. "झाकन उघाडू नका, बाई. आग पळी जाई!" चार-पाच तासांनी गुळाच्या ढेपेच्या रंगाचं पाखरू बाहेर निघे. आतून ते लोण्यासारखं मऊ असे, असं म्हणतात. मी ऐकीव सांगतो आहे, कारण माझ्यापुढे ताट आलं की कधी माझी एकादशी असायची, कधी पोट बिघडलेलं असायचं.

सहाव्या वर्षी पावसाळा संपता संपता चाचांना मुदतीचा ताप आला. बाईंनी औषध केलं, एकवीस दिवसांनी ते उठले, हिंडूफिरू लागले. नाताळ आठवड्यावर आला तेव्हा एका दुपारी ते झाकलेली थाळी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. आवाज अगदी खाली.

"मास्तर, मन्ही जीभ मरी गयी. गूळ काय नि माती काय, माले काहीच समजस नही. कोनले सांगू नका. बिनजिभेना खानसामा कोन ठेई?"

"बाईंना सांगा ना. त्या डॉक्टर आहेत."

"त्यासले दया येई. माले दया नको." त्यांनी थाळी माझ्या हातात दिली. "आज कोंबडा करी देखा. आजवर मीठ मी जीभवर टाकं, आते मूठवर टाकं. दोन मुठी. चाखा नि खरं सांगा. बाकीना लोके वाहवाच करतीन. तुम्ही पोरेसन्या चुका काढतस, तशी मन्हीबी काढा."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी सांगायचं. मीही तेच म्हणतो, गेली कित्येक वर्षं म्हणतो आहे. पण त्या दुपारी मी थाळी घेतली, दार लावलं आणि एक तुकडा ओठांपर्यंत नेला. तो आत गेला नाही. मी थाळीतलं सगळं मागच्या भिंतीवरून कुत्र्यांना टाकलं आणि स्वतःची समजूत घातली, की चाळीस वर्षांचा हात आहे, चुकतोय कशाला!

दुसऱ्या दिवशी ते कुंपणाशी वाट बघत होते. "कसं लागनं?"

"मीठ बेताचं होतं."

"खरं ना?"

"अगदी बेताचं."

पास झालेल्या पोरासारखे ते हसले. "मंग पेरूले सहा मुठी."

नाताळच्या दुपारी बंगल्याच्या ओट्यावर टेबलं मांडली होती. धडगावच्या बाजूनं घाट उतरून पाहुणे आले होते, दवाखान्यातली मंडळी होती. शेवटच्या खुर्चीवर, केक आणि केळी घेऊन, मी होतो. चाचांनी पाखरू मिरवत आणलं. टाळ्या झाल्या. पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला आणि सगळ्यांचे हात थांबले. तक्रार कोणी केली नाही, भली माणसं होती. बाई आपल्या ताटातले तुकडे बारीक करत राहिल्या आणि एकेक गिळत राहिल्या. पाण्याचा तांब्या टेबलावरून फिरला. दुसरा मागवला, मग तिसरा.

चाचा दारात उभे होते. ते कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हते, तांब्याकडे बघत होते. तिसरा तांब्या रिकामा झाला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या ताटाकडे. केकचा चुरा होता आणि केळीच्या साली होत्या.

मी मागच्या अंगणात गेलो तेव्हा ते रांजणाच्या कडेची कणीक खरवडत होते.

"तुम्ही खातसच नही," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

मी मान डोलावली.

"पहिलेच सांगतात तं मी तुम्हले वांगं भुंजी देतू." त्यांनी कणकेचा पापुद्रा काढून बाजूला ठेवला. "मीठ तं वांगामाबी समजस, मास्तर."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी पाय धरले असते, निदान आज तसं वाटतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना सांगितलं, आता काम होत नाही, मुलीकडे जातो. बाईंनी खूप विनवलं. चाचा वळकटी घेऊन नवापूरच्या गाडीत बसले, आणि मी शाळेचं निमित्त करून स्टेशनवर गेलो नाही.

महिनाभरानं बाई कुंपणाशी आल्या. त्यांचं मराठी मोडकं होतं, पण प्रश्न सरळ होता. "मास्तर, ते तुमच्याशी बोलत. ते का गेले?"

मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी नवापूर गाठलं असतं. चाखायला एक माणूस देऊन त्यांनी चाचांना परत आणलं असतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पण चाचांच्या जिभेचं सांगायचं तर माझी थाळीही सांगावी लागली असती. कोणाला सांगू नका, असं चाचा म्हणाले होतेच. त्या शब्दाआड मला लपायला जागा मिळाली.

"वय झालं होतं," मी म्हटलं.