गुलाल आधी उडाला

आमच्या कॉलेजच्या मुलींचा बेसबॉलचा संघ आहे असं सांगितलं की लोक अजूनही विचारतात, बेसबॉल? आपल्याकडं? हो, आपल्याकडंच. आष्ट्याच्या अलीकडं, एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला वीटभट्टी, मधे आमचं मैदान. त्या संघाची पहिली कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागं बसून चेंडू पकडणारी, मी. माणमधल्या मेंढपाळाच्या घरातली, आणि घरातून कॉलेजला जाऊन पदवी घेतलेली पहिली. हे मी कुणी न विचारताच सांगते. आता जवळच्या हायस्कूलला खेळाची शिक्षिका आहे, आणि कॉलेजचा सामना असला की मंडपात चाचांच्या शेजारची खुर्ची माझी.

चाचांचं गाद्या भरायचं दुकान आहे. पण ओळख दुकानाची नाही, आवाजाची. जत्रांचा हंगाम सुरू झाला की गावोगावच्या कुस्तीच्या मैदानांत निवेदनाला तेच. बेसबॉलला निवेदक कुठून आणायचा असा प्रश्न पडला तेव्हा आमच्या सरांनी त्यांनाच गाठलं. खेळ त्यांना ठाऊक नव्हता, आणि त्याची त्यांना काळजीही नव्हती. काय झालं तेवढं कानात सांगायला एक माणूस द्या, पुढचं मी बघतो, म्हणाले. तो माणूस म्हणजे मी.

बॅटरचा फटका हुकला की मी कानात म्हणायचे, स्ट्राइक. चाचा माइकवर म्हणायचे, पहिलाच डाव असा टाकला की समोरच्या पैलवानाला घाम फुटला. मुलींची नावं ते घेत नसत. कुस्तीत घेतात तशी गावं घ्यायचे. चेंडू टाकणारी आमची पिचर कोरेगावकडची, म्हणून ती कोरेगावची वाघीण. आताची कॅचर माझ्याच तालुक्यातली, ती माणची ढाल. मधेच कुणी माजी सरपंच आले की त्यांचं स्वागत, कुणाची मोटरसायकल वाटेत उभी असेल तर तिचा नंबर. पंच सुरुवातीला वैतागले. चेंडू टाकताना तरी गप्प बसा, असं त्यांनी दोनदा येऊन सांगितलं. पण मैदान भरायला लागलं ते चाचांमुळंच. भट्टीवरची माणसं, उसाला पाणी पाजून आलेले शेतकरी, कान मोडलेले जुने पैलवान, मुलींच्या आया. हलगीवाले तर न बोलावता यायचे.

त्या वर्षी मुली हरतच नव्हत्या. आमच्या विभागात सलग सामने जिंकायचा विक्रम साताऱ्याच्या एका संघाचा होता. आम्ही त्यांच्या बरोबरीला आलो. अजून एक जिंकला की विक्रम आमचा, आणि तो एक सामना नेमका त्याच संघाशी, आमच्याच मैदानावर.

शेवटच्या डावात आम्ही एका रननं पुढं होतो. साताऱ्याच्या दोघी बाद झाल्या होत्या. तिसरी बाद झाली की संपलं. लोक आधीच चुन्याच्या रेघेपाशी सरकून उभे राहिले होते, आणि गुलालाची पोती तोंडं उघडून तयार होती. तिसऱ्या मुलीला एक स्ट्राइक झाला. मग दुसरा.

तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, एवढं आता भट्टीवरच्या माणसांनाही पाठ झालं होतं. पण त्यात एक मेख आहे. तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरनं नीट पकडायला लागतो. हातातून निसटला तर बॅटरला पहिल्या बेसकडं पळायची मुभा मिळते, आणि चेंडू तिच्या आधी तिथं पोचला तरच ती बाद. मी चाचांना हे एकदा सांगितलंही होतं. असलं कुठं होतंय, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

आणि झालं तेच. बॅट हवेत फिरली, तिसरा स्ट्राइक. चेंडू माणच्या पोरीच्या ग्लोव्हला लागून मागं उडाला. मी थांबा म्हणेपर्यंत चाचा उभे राहिले होते.

"लागली पाठ! चितपट! इक्रम आपला!"

हलगी कडाडली. माणसं रेघ ओलांडून आत घुसली, गुलालाचा ढग उठला. कोरेगावच्या पोरीला कुणीतरी खांद्यावर घेतलं, ती वरून खाली सोडा म्हणून ओरडत होती आणि त्यांना तो आनंद वाटत होता. आमची कॅचर गुडघ्यांवर बसून लोकांच्या पायांतून चेंडू शोधत होती. साताऱ्याची मुलगी तेवढ्यात पळाली आणि पहिल्या बेसवर जाऊन उभी राहिली. तिचे केसही गुलाबी झाले होते.

पंचांनी शिट्ट्या मारून खेळ थांबवला. ते एकत्र जमले. साताऱ्याच्या प्रशिक्षक मॅडम हाताची घडी घालून शेजारी उभ्या राहिल्या. निर्णय आला. मुलगी बेसवर राहणार, खेळ पुढं चालू. आणि आता एक जरी प्रेक्षक आत आला तर सामना साताऱ्याला.

आमचा विक्रम आमच्याच माणसांच्या हातानं जायची वेळ आली होती. रेघेपाशी भांडणं लागली. तुमी कशाला घुसला, आधी तुमचाच पाय आत होता. कुणीतरी कॅचरच्या नावानंही बोललं. साधा चेंडू धरता येत न्हाई, असं काहीसं. ते चाचांनी ऐकलं. त्यांनी माइक तोंडापाशी नेला, आणि पहिल्यांदाच मला तो आवाज खालच्या पट्टीतला ऐकू आला.

"चूक माझी हाय. पोरीची न्हाई. तिला बोलायचं आसंल तर हितं मंडपात येऊन मला बोला. आता समद्यांनी रेघंच्या भाईर बसून घ्या."

कुस्तीच्या मैदानात निवेदकाचं ऐकायची सवय असते. माणसं बाहेर गेली, खाली बसली. चाचांनी माइक टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं सरकवला. मी परत सरकवला. मग तो दोघांच्या मधे नुसता गुणगुणत पडून राहिला.

साताऱ्याची पुढची मुलगी आली. उंच, डावखुरी, मला तिचा खेळ माहीत होता. पहिलाच चेंडू तिनं असा उचलला की तो उसाकडं निघाला. आमची लांबची क्षेत्ररक्षक मागं मागं सरकत गेली, पाचटाला तिची टाच लागली, आणि तिथंच तिनं ग्लोव्ह वर धरला. चेंडू आत बसला.

कॅच. क्रिकेटनं ज्याला वेड लावलं नाही असा माणूस आमच्या भागात सापडायचा नाही. कॅच म्हणजे बाद, हे कुणाला सांगायला नको. पण मैदानात एक आवाज निघाला नाही. हलगीवाल्याचा हात वर तसाच राहिला. ज्या पोरीनं कॅच घेतला ती चेंडू उंच धरून उसाला टेकून उभी, हलायची हिंमत नाही. सगळं मैदान मंडपाकडं बघत होतं आणि चाचा माझ्याकडं. त्यांनी माइकवर तळवा झाकला.

"झालं का गं?"

"झालं."

"पंचास्नी इचार."

"आवं चाचा, कॅच हाय तो. झालं."

"तिसरा स्ट्राइक बी झालाच हुता," चाचा म्हणाले. मग माइक उचलून माझ्या हातात दिला. "तूच सांग. माझ्यावर आज कोण इस्वास ठेवायचं न्हाई."

मी पंचांकडं पाहिलं. त्यांचा हात केव्हाचा वर गेलेला होता. चाचांसारखं काही रंगवून सांगावं असं वाटलं, पण वाघीण, ढाल, काही आठवेना.

"आपण जिंकलो," मी म्हणाले. "विक्रम आपल्या पोरींचा झाला. आता आत आलात तरी चालेल."

तरीही कुणी उठलं नाही. शेवटी एक म्हातारा पैलवान उठला, धोतर सावरत रेघेपर्यंत आला आणि तिथं थांबला. पंच समोरच होते. त्यानं एक पाय अर्धवट उचलून त्यांना विचारलं, "साहेब, येऊ का?"

पंच दिवसभर हसले नव्हते. त्यांनी टोपी काढली. "या की, पैलवान," म्हणाले, "तुमच्याच पोरी हायत्या."