वीतभर

ऑफिससाठी इमारतीचं मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर निवडायचं होतं. चाचणी म्हणून मी त्यात माझीच पहिली इमारत घातली. लगेच स्क्रीनवर लाल ठिपका उमटला. बाथरूमचा पाइप थेट बीममधून उतरत होता. चूक माझ्याच नकाशातली! पण तिथे तर माणसं कधीपासून सुखानं राहताहेत. मी तेव्हाच्या शंकर मिस्त्रींना फोन लावला.

"तो होय? वीतभर सरकवला होता मी, मॅडम."

"मग बोलला का नाहीत?"

"पहिलंच काम तुमचं. तुम्ही हिरमुसला असता."

आपलं किती काय अशाच कुणीतरी मुकाट्यानं सावरल्यामुळे उभं असतं!

सॉफ्टवेअर तेच घेतलं. आता लाल ठिपका दिसला, की आधी मिस्त्रींना मनातल्या मनात नमस्कार करते. मग पाइप सरकवते.