राजक्कांचे पाहुणे

राजक्का लॉजवरच्या पाहुण्याला खोलीची किल्ली देताना हमखास विचारायच्या, "सोलापूर बघितलं का?" पाहुणा बहुधा अक्कलकोटला नाहीतर तुळजापूरला निघालेला. तो म्हणायचा, "हो, चादरी घेतल्या की." झालं! "चादर घेतली म्हंजे सोलापूर बघितलं व्हय? चला, चपला घाला."

स्टेशनजवळच्या त्यांच्या लॉजचं काउंटर मी सांभाळत असे. अक्का तेलुगू विणकर घरातल्या. पाहुण्यांशी मराठी, शेजारणींशी तेलुगू आणि रागावल्या की दोन्ही. शहराच्या पूर्व भागात एका ट्रस्टचं विणकामाचं छोटं संग्रहालय होतं. जुने हातमाग, आडवा धागा इकडून तिकडे नेणारे धोटे, भिंतीवर विणलेली चित्रं. सोलापूरकरांनाही ते ठाऊक नव्हतं. अक्का मात्र पाहुण्यांना तिथं नेल्याशिवाय सोडत नसत.

एकदा ट्रस्टचे एक गृहस्थ लॉजवर येऊन म्हणाले, "अक्का, संग्रहालयाच्या जागेत मंगल कार्यालय करायचं ठरलंय. कुत्रंसुद्धा फिरकत नाही तिकडं."

"उद्या सकाळी तिथं या," एवढंच अक्का म्हणाल्या.

आमच्याकडे तेव्हा लातूरचं वऱ्हाड उतरलं होतं. लग्न संध्याकाळी होतं. नाश्ता होताच अक्कांनी अख्खं वऱ्हाड चालत नेलं. नवरदेव हळदीच्या अंगानं मागावर बसला, करवल्यांनी धोटा फेकून पाहिला, एकच कल्ला झाला. दारात ते गृहस्थ उभे. अक्का कडाडल्या, "ही काय कुत्री हायत व्हय?"

तरीही संग्रहालय बंद झालंच. अक्कांनी भांडून एक माग मिळवला आणि रस्त्याकडच्या सर्वांत चांगल्या खोलीत मांडला. मुलगा श्रीनिवास वैतागला, "आई, ही खोली रोज भरते!"

"आता बी भरलीय की."

त्या थांबल्या मात्र नाहीत. कुठं पडक्या देवळातले शिलालेख, कुठं कुणी जमवलेली जुनी वाद्यं, असं काहीबाही हुडकत राहिल्या. म्हणायच्या, "एक जागा बंद पडली तर दुसरी हुडकायची. आपण बंद पडायचं न्हाय."

गेल्या वर्षी त्या गेल्या. त्याच्या महिनाभर आधी हृदयानं दगा दिला होता, डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून बजावलं होतं. अशात नाशिकचं एक जोडपं आलं. अक्का निघाल्याच. त्यांना दाखवायचा जुन्या नाण्यांचा संग्रह एका वाड्यात पहिल्या मजल्यावर होता. मी म्हणालो, "अक्का, तुम्ही खाली बसा. मी दाखवून आणतो."

"खाली बसायला घर न्हाय व्हय मला? खुर्ची उचला."

नाशिककरांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. अक्का खुर्चीत ताठ बसून वर आल्या. धाप लागली होती, पण डोळे काचेच्या पेटीवर. तेवढ्यात रखवालदार किल्ल्या वाजवत आला.

"आजी, बंद करायची वेळ झाली."

अक्कांनी मान वळवलीसुद्धा नाही.

"कर की बंद. आमी आत हाय."