बाबांच्या कमोडचा फवारा

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांचा डावा हात गेला, डावा पाय निम्मा गेला आणि उजवा हात जसाच्या तसा राहिला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, नशीब समजा, उजवा शाबूत आहे. मीही तेच म्हणत होते. सही करता येईल, घास घेता येईल, फोन धरता येईल, आणखी काय पाहिजे? घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना संडासात नेलं तेव्हा कळलं. आपल्याकडे दोन हातांना कामं वाटून दिलेली असतात आणि बाबांचा गेलेला हात नेमका धुण्याचा होता.

उजव्या हाताने धू, नंतर साबणाने चार वेळा हात चोळून देते, असं मी सांगून पाहिलं. घरात आम्ही त्यांना अरे-तुरेच करतो, लिहिताना मात्र ते जमत नाही. त्यांनी उजवा हात छातीशी घेतला, जणू मी तो काढूनच घेणार होते.

"ह्या हातान मी जेवतंय," ते म्हणाले.

विषय तिथेच संपला. आई तीन वर्षांपूर्वी गेली, भाऊ नाही, लग्न मी केलं नाही. घाटकोपरच्या आमच्या वन रूम किचनमध्ये आम्ही दोघंच. तेव्हा ते काम माझं झालं. दिवसा एक मावशी यायच्या, त्या बाबांना जेवण द्यायच्या, फिरवायच्या, पण ह्या कामासाठी बाबांनी त्यांना कधी हाक मारली नाही. रोज सकाळी मी कामाला निघण्याआधी सगळं उरकायचं, असं न बोलता ठरून गेलं. ते भिंतीकडे तोंड करून पुढे वाकायचे, मी मागून मगने पाणी घालून धुवायचे. दोघंही एक शब्द बोलायचो नाही.

मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. कुर्ल्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काउंटरवर बसते. लोक लाजत लाजत डबी पुढे करतात, मी सरळ चेहऱ्याने त्यावर चिठ्ठी चिकटवते. मला कसली आलीय किळस, असं मीच मला समजावलं होतं.

महिन्याभरात बाबांचं जेवण कमी झालं. आधी रात्रीची चपाती सुटली, मग दुपारचा भात अर्ध्यावर आला, मग नुसती पेज. मासे केले तरी, माका भूक नाय. ज्या माणसाने जन्मभर बांगड्याच्या तिखल्यासाठी आईशी भांडणं केली, तो पेजेच्या वाटीत चमचा फिरवत बसायला लागला. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. पोटाची सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं (आमच्याच लॅबमध्ये), सगळं नॉर्मल. टॉनिक दिलं. टॉनिकनेही भूक लागेना. मी चिडायचे, ताट आपटायचे, औषध गिळलंस का म्हणून खेकसायचे. माझा स्वभाव तापट आहे आणि काळजी वाटली की तो आणखी तापतो.

मग एका रविवारी मी खिडकीत कपडे वाळत घालत होते आणि बाबा गावच्या आत्याशी फोनवर बोलत होते. आत्या जेवणाचंच विचारत असणार. बाबा हळू आवाजात म्हणाले, "कमी खाल्लां की कमी जावचां लागता. पोरीक किती त्रास देव?"

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. माझा बाप उपाशी राहत होता. भूक नव्हती असं नव्हे, माझी एक सकाळ वाचावी म्हणून तो जेवत नव्हता. इतकं वजन उतरलं होतं की पायजम्याची नाडी दोनदा फिरवून बांधावी लागत होती, आणि मी त्यांना टॉनिक पाजत होते.

आमच्या संडासात फवाऱ्याची पिचकारी होती, सगळ्यांकडे असते तशी, भिंतीला अडकवलेली. ती आम्ही आधीच वापरून पाहिली होती. उजव्या हातात पिचकारी धरून मागे न्यायची म्हटलं की तोल सांभाळायला हात उरत नाही. बाबा डावीकडे कलंडले, पाणी छतापर्यंत उडालं आणि मी त्यांना काखेत धरून सावरलं. तो प्रयोग तिथेच बंद झाला. पण लॅबमध्ये एका फिजिओथेरपिस्ट बाईंना मी सहज हे बोलले, तर त्या म्हणाल्या, कमोडलाच बसवायचा फवारा मिळतो. कमोडच्या सीटखाली एक पातळ पट्टी बसते, तिला मागच्या बाजूने छोटी नळी असते आणि उजवीकडे एक दांडी. दांडी फिरवली की नळीतून पाणी बरोबर जागेवर येतं. हात मागे न्यायलाच लागत नाही.

मी तो मागवला. खोका आला तेव्हा बाबांनी वरचं चित्र पाहिलं आणि टीव्हीकडे तोंड फिरवलं. असली थेरं त्यांना नको होती. बाबा मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत पस्तीस वर्षं फिटर होते. त्यांनी बसवलेला पाइप कधी गळला नाही, हे ते स्वतः सांगत नाहीत, त्यांचे जुने सोबती सांगतात. अशा माणसाला प्लॅस्टिकच्या पट्टीवर विश्वास कसा बसणार? खोका आठ दिवस फ्रिजवर पडून होता. प्लंबरला फोन केला की तो उद्या येतो म्हणायचा आणि त्याचा उद्या काही उजाडत नव्हता.

शेवटी मीच पाना घेतला. रविवारी सकाळी पाण्याचा मेन कॉक बंद केला, साडीचा पदर खोचतात तसा टी-शर्ट खोचला आणि कमोडच्या बाजूला फरशीवर आडवी झाले. सीटचे नट गंजलेले होते. एक अर्ध्या तासात निघाला, दुसऱ्याने माझी दोन बोटं सोलली. पट्टी बसवली, सीट परत घट्ट केली. मग भिंतीतून फ्लशच्या टाकीकडे जाणाऱ्या पाइपच्या अँगल कॉकवर तीन तोंडांची टी लावायची होती, म्हणजे एका तोंडातून टाकीला पाणी आणि दुसऱ्यातून फवाऱ्याला. टीच्या आट्यांवर मी पांढरी टेप गुंडाळली, टी पिळून बसवली आणि पाणी सुरू केलं. टप. टप. टप. उघडून पुन्हा गुंडाळली. पुन्हा टप टप.

बाहेर टीव्हीचा आवाज कमी झाला.

"टेप उलटी मारलंस," बाबा खाटेवरून म्हणाले.

त्यांना दिसत काहीच नव्हतं. नुसत्या थेंबांच्या आवाजावरून आणि मी दोनदा बसवून दोनदा उघडलं त्यावरून त्यांनी ओळखलं. मग म्हणाले, माझी खुर्ची तिथे आण. मी प्लॅस्टिकची खुर्ची संडासाच्या दारात ठेवली, त्यांना धरून आणून बसवलं, आणि पुढचा तासभर माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांच्या हाताखाली हेल्पर होते. टी माझ्याकडे तोंड करून धर. नळ घट्ट करताना हात जिकडे फिरतो तिकडेच टेप फिरव, नाहीतर पिळताना ती सुटून गोळा होते. ताणून मार, सैल नको. बस, इतकीच, लोणी लावतेस काय. मी दोनदा उलट बोलले, त्यांनी दोनदा झापलं. डाव्या गालाने नीट बोलता येत नसूनही शिव्या त्यांना स्पष्ट येत होत्या. टी बसली. एक थेंब गळला नाही.

बाबांनी मला बाहेर जायला सांगितलं आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग ते बाहेर आले आणि थेट खाटेवर जाऊन बसले. आईच्या जुन्या सुती साडीचे मी पुसायला तुकडे करून ठेवले होते, त्यातला एक बादलीत पडला होता. त्या रात्री त्यांनी एक पूर्ण चपाती खाल्ली. मला इतका आनंद झाला की मी लॅबमधल्या मुलींना दुसऱ्या दिवशी वडापाव खिलवला, कारण न सांगता.

तिसऱ्या दिवशी वाट लागली. बाबा सकाळी आत गेले, मी डबा भरला, केस विंचरले, चहा गाळला. ते बाहेर येईनात. माझ्या घड्याळात पाऊण तास झाला. मी दारावर थाप मारली, आतून उत्तर नाही. कडी त्यांनी लावली नव्हती म्हणून बरं. दार ढकललं तर बाबा भिंतीला डावा खांदा टेकून बसले होते, दांडीवर हात तसाच ठेवून. फवाऱ्यातून पाणी येत नव्हतं. हाक मारायच्या ऐवजी ते पाऊण तास तसेच बसून राहिले होते. मांड्यांवर सीटचे लाल वळ उठले होते.

मी त्यांना धुतलं. पुन्हा जुनंच सगळं, तोंड भिंतीकडे. दुपारी मावशींचा फोन आला, बाबा पेजही घेत नाहीत. मी लॅबमधून अर्धी सुट्टी टाकून घरी आले ती भांडायच्या तयारीने. म्हटलं, एका वेळी फवारा बंद पडला म्हणून जीव द्यायचा का? बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं की फवाऱ्याला पाणी कुठल्या लाइनचं जोडलंस. मी म्हटलं, फ्लशचंच, खोक्यातल्या कागदावर तसंच दाखवलंय.

त्यांनी कपाळाला हात लावला. ज्याने तो कागद छापला त्याला आमची सोसायटी काय माहीत. आमच्याकडे नळाला आणि अंघोळीला महापालिकेचं पाणी, पण फ्लशला बोअरचं, वेगळ्या टाकीतून. खारट, तांबूस आणि बारीक रेती असलेलं. ते फ्लशला, भिंतीवरच्या पिचकारीला चालतं, फवाऱ्याच्या सुईएवढ्या भोकाला नाही. हे सोसायटीतल्या प्रत्येकाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. आणि मुख्य म्हणजे बाबांना माहीत होतं. दारात बसून त्यांनी माझ्या टेपवर नजर ठेवली आणि पाणी कुठलं ते पाहायचं राहून गेलं.

"चूक माझी," ते म्हणाले. "फिटर मी आसंय."

हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जी तरतरी आली ती मी पाच महिन्यांत पाहिली नव्हती. चूक कबूल करतानाही माणूस खूश होऊ शकतो, कारण चूक करायला आधी कामावर असावं लागतं. त्यांनी मला यादी दिली. लांब नळी, जाळीचा छोटा फिल्टर, नवी टी, दोन वायसर, आणि ते साकीनाक्याच्या हार्डवेअरवाल्याकडूनच आणायचे, कोपऱ्यावरच्याकडून नाही. मी गेले आणि आले. नळी बाथरूमच्या नळापासून भिंतीच्या कडेने संडासात आणली. फवाऱ्याची रेतीने तुंबलेली छोटी नळी काढून व्हिनेगरमध्ये भिजत घातली, टूथब्रशने घासली. ह्या वेळी टेप मी पहिल्या फटक्यात बरोबर मारली, आणि बाबांनी ती मुद्दाम दोनदा तपासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आत गेले आणि मी कडीचा आवाज ऐकला. त्यांनी आतून कडी लावली होती. मी दाराबाहेर उभी, पडले तर काय, चक्कर आली तर काय, दार तोडायला कोणाला बोलवायचं. मग पाण्याचा आवाज आला, चांगला दमदार. थोड्या वेळाने कडी सरकली. बाबा भिंत धरत बाहेर आले आणि मला दारातून बाजूला व्हायला सांगितलं.

त्या रविवारी मी बांगड्याचं तिखलं केलं. त्यांनी दोन तुकड्या संपवल्या, भात कालवून खाल्ला, बोटं चाटली. मला भरून आलं आणि भरून आलं की मी भांडते. म्हटलं, इतके महिने उपाशी राहिलास, एकदा बोलला असतास तर? मला त्रास होतो असं मी कधी म्हटलं होतं का? तोंड वाकडं केलं होतं का कधी?

"तोंड माका दिसायचां नाय," बाबा म्हणाले. "पण तू श्वास धरून ऱ्हवायचंस. पाणी ओतूक लागलंस की तुझो श्वास बंद. ता माका आयकाक येयचां."

खरं होतं. रोज सकाळी, शेवटचा मग ओतेपर्यंत. मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. माफी मागायची तर कशाची मागू ते कळेना, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रडू नको," ते म्हणाले. "तुझ्या आवशीक शेवटी मीच धुवायचंय. मीपण श्वास धरायचंय. तिकापण समजला असतला." त्यांनी ताटातला काटा बाजूला सारला. "म्हणान काय माया कमी होती?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी उजव्या हाताने ताट माझ्याकडे सरकवलं आणि आणखी भात मागितला.