सरांचा फोटो

वेबसाइट बनवणाऱ्या बाईंची कामाची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाकडून माहिती घेऊन घरी बसायचं आणि महिन्याभराने आयतं काहीतरी पुढ्यात ठेवायचं, हे त्यांना पटत नसे. गिऱ्हाईक शेजारी बसलं पाहिजे, स्क्रीनवर बोट ठेवून "हे नको, ते इकडे घ्या" म्हणालं पाहिजे. या कामाआधी त्या छापखान्यात पत्रकं जुळवायच्या. तिथे एकदा छापून गेलं की गेलं. इथे हजारदा बदलता येतं, म्हणून हे काम त्यांना आवडायचं.

पण वर्षाच्या सुरुवातीला त्यांची आई गेली आणि आवडायचं ते आवडेनासं झालं. नावडायचं त्याचंही काही वाटेना. रडू आलं नाही. घरचे म्हणाले, "येईल, जरा वेळ जाऊ दे." वेळ गेला. बाई सकाळी उठायच्या, भांडी घासायच्या, लॅपटॉप पिशवीत घालून निघायच्या. पूर्वी कुणी "जरा उठाव नाही हो याला" म्हटलं की दिवसभर जिवाला लागायचं. आता मुकाट्याने रंग बदलून द्यायच्या. गिऱ्हाइकं खूश होती. "किती शांत बाई आहेत!" म्हणायची. त्यावरही बाई मान हलवायच्या.

अशात एका ड्रायव्हिंग स्कूलचं काम आलं. रस्त्यालगतची एक खोली, काचेचं दार, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, बाहेर छतावर पाटी लावलेली छोटी पांढरी गाडी. शाळा नवरा-बायकोची. नवऱ्याला सगळे सर म्हणत. अर्ध्या गावाला त्यांनीच गाडी शिकवलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. उरला एकच शब्द, "थांब." भूक लागली तरी थांब, पंखा हवा तरी थांब.

"जन्मभर शिकणाऱ्यांना हेच ओरडून सांगितलं ना," मालकीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "तेवढंच पक्कं बसलंय." आणि स्वतःच हसल्या. सरही हसले. बाईंना कळलं की हा विनोद या घरात रोज होतो.

वेबसाइट कशी हवी ते मालकीणबाईंच्या डोक्यात पक्कं होतं. वर सरांचा मोठा फोटो, सफारीतला, गाडीला टेकून उभे असलेले. खाली, 'तीस वर्षांचा अनुभव.' बाईंनी तसं पान केलं आणि दाखवायला आणलं.

सर खुर्चीतून वाकले. "थांब," म्हणाले.

"आवडलं त्यांना," मालकीणबाई म्हणाल्या.

"थांब, थांब!" सरांनी डावा हात झटकला.

"ऊन लागत असेल." त्यांनी पडदा ओढला.

पुढच्या खेपेलाही तेच. बाई रंग बदलून आणायच्या, अक्षरं मोठी करायच्या. सर हात झटकायचे आणि मालकीणबाई प्रत्येक वेळी त्याचा काहीतरी दुसराच अर्थ लावायच्या. हळूहळू सर स्क्रीनकडे बघेनासे झाले.

बाईंना राग आला नाही, कीवही आली नाही. शेजारी बसलेल्या माणसाला पान पसंत नाही, एवढंच दिसलं. मग त्यांनी ते पान कागदावर छापलं, कात्रीने त्याचे तुकडे केले आणि टेबलावर पसरले. फोटो वेगळा, फोन नंबर वेगळा, वेळा वेगळ्या, गाडीचं चित्र वेगळं. शाळेच्या जुन्या छायाचित्रातला मालकीणबाईंचा चेहराही कापून ठेवला.

"सर, तुम्हीच लावा आता," त्या म्हणाल्या.

सर बराच वेळ बघत राहिले. मग डाव्या हाताने फोन नंबर सरकवून वर नेला. गाडी मधे आणली. स्वतःचा फोटो उचलला आणि टेबलाच्या कडेवरून खाली सोडून दिला.

मालकीणबाईंनी तो उचलून परत ठेवला. सरांनी परत खाली टाकला.

"अहो, लोक तुमच्या नावावर येतात!" मालकीणबाईंचा आवाज चढला. "फोटोच नको म्हणजे काय?"

बाईंनी विचारलं, "फोटो जुना झालाय म्हणून नको का?"

सरांनी मान हलवली. नाही.

"तुमचा नकोच?"

हो.

"मग?"

सरांनी बायकोच्या चेहऱ्याचा तुकडा बोटाने ढकलत ढकलत गाडीशेजारी नेऊन ठेवला आणि त्यावर पंजा ठेवून बसले.

मालकीणबाई उठल्या. कपबशा गोळा करून मागे मोरीत गेल्या. नळ सुरू झाला, तो बराच वेळ बंद झाला नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. "लोक येतात, सर कुठायत विचारतात," त्या म्हणाल्या. "मग मी यांच्याकडे बोट दाखवते. त्यांचं तोंड पडतं आणि यांना ते दिसतं. दोन वर्षं मीच शिकवतेय, पण फोटो माझा हवा, हे कधी मनातच आलं नाही माझ्या."

बाईंना आपण काहीतरी बोलायला हवं असं वाटलं. "उद्या नवा फोटो काढू," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई स्टिअरिंगवर बसल्या, ताठ, परीक्षेला आल्यासारख्या. "हसू येत नाही हो मला सांगून." शेजारच्या सीटवर सरांना बसवलं होतं. त्यांनी एकदम, शिकाऊ माणसावर खेकसावं तसं, "थांब!" म्हटलं. मालकीणबाई खदखदून हसल्या आणि बाईंनी तोच फोटो घेतला. वेबसाइटवर तोच गेला. वर्षानुवर्षं गाडी शिकू म्हणणाऱ्या कितीतरी बायका त्यानंतर विचारायला आल्या. मालकीणबाईंनी हे कौतुकाने फोनवर कळवलं. फोन ठेवल्यावर बाई आत काही हलतंय का ते चाचपत बसल्या. काही हलत नव्हतं.

मालकीणबाईंनी मात्र पिच्छा सोडला नाही. "तुम्हालाही शिकवणारच." नाही म्हणायचाही बाईंना कंटाळा आला होता. त्या जाऊ लागल्या. क्लच, गियर, आरसा, सगळं सांगितलं तसं करायच्या.

"तुम्ही घाबरत कशा नाही?" मालकीणबाई एकदा म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात सगळे घामाघूम होतात. थोडं घाबरायला हवं हो. त्याशिवाय ब्रेकवर पाय जात नाही."

त्याच संध्याकाळी बाजाराच्या वळणावर एक सायकलवाला समोर आला. बाईंना तो दिसला, पण पाय जागचा हलला नाही. मालकीणबाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडली. सायकलवाला चार शिव्या हासडून निघून गेला.

बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. छाती धडधडत होती, कानांत आवाज येत होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"घाबरलात?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

"बरं झालं. आता किल्ली फिरवा. न्यूट्रलला आणा आधी."

बाईंनी गियर न्यूट्रलला आणला आणि किल्ली फिरवली.